शर्यतीची गाडी आणि रोजचा रस्ता

कार्तिक सरता सरता यशवंतसागराच्या काठावर गळीत हंगामाची गर्दी सुरू होते. भिगवण, पळसदेव, इंदापूर, भीमानगर, टेंभुर्णी या पट्ट्यातून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग आणि पलीकडच्या तीरावरील जिंती, केत्तूर, वांगी, कंदर, जेऊर या गावांचे अंतर्गत रस्ते उसाने भरून जातात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मोळ्यांनी वाकलेल्या बैलगाड्या, शेतातून डांबरावर आलेला चिखल आणि वाऱ्याने उडालेले पाचट हे या दिवसांतले नेहमीचे दृश्य होय. उजनीचे पाणी आले, ऊस आला, केळी आली, त्यामागून बाजारपेठ वाढली. अडत, कापड, खते-बियाणे, सराफी यांच्या पेढ्या चालविणाऱ्या घरांतील पुढची पिढी पुण्यात शिकली, तेथेच तिने व्यवसायाची शाखा उघडली. या पिढीच्या हाती पैसा आहे, आवड आहे, आणि आवडीच्या यादीत अलीकडे एक नवी वस्तू शिरली आहे : शर्यतीच्या मार्गासाठी घडविलेली, परंतु रस्त्यावर चालविण्याचा परवाना असलेली मोटार.

अशा घरांत होणारा संवाद बहुधा एकाच वळणाने जातो. नातू म्हणतो, "आजोबा, गाडी घेतली तर रोज चालवणार. नुसती झाकून ठेवायला कशाला घ्यायची?" आजोबा उत्तर देतात, "अरे, रोज चालवायची तर रोजच्या रस्त्याला पुसून घे." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वस्तू वापराविना पडून राहिली तर तिच्यात गुंतलेले भांडवल निजून राहते, हे नातवाने पेढीवरच शिकलेले असते. आणि माल कोणत्या बाजारात खपतो हे पाहिल्याविना खरेदी करू नये, हेही त्याच पेढीवरचे शिक्षण आहे. म्हणून हा प्रश्न हौस चांगली की वाईट अशा तराजूत न घालता, ही गाडी मुळात कशासाठी बनते आणि इथला रस्ता तिच्याकडून काय मागतो, या दोन बाजू समोरासमोर मांडून पाहणे उचित ठरेल.

या जातीच्या गाड्यांचा जन्म शर्यतीच्या नियमांतून झाला. ठरावीक संख्येने गाड्या सामान्य ग्राहकांना विकल्याखेरीज त्या गाडीला शर्यतीत उतरता येणार नाही, असा दंडक होता. पोर्शे कंपनीची १९७३ सालची 'कॅरेरा आरएस २.७' ही त्याच कारणाने निघाली. नियमाला पाचशे गाड्या पुरेशा होत्या, मात्र मागणी एवढी आली की पंधराशेहून अधिक गाड्या बांधाव्या लागल्या. त्यात एक बोधप्रद तपशील आहे. ज्या ग्राहकांनी ही गाडी घेतली, त्यांच्यापैकी सुमारे २०० जणांनीच अंगावरचे सगळे ओझे उतरविलेली हलकी आवृत्ती पसंत केली. तेराशेहून अधिक ग्राहकांनी 'टूरिंग' ही सुखसोयींची आवृत्ती मागितली. शर्यतीचे नाव सर्वांना हवे होते, परंतु रोजच्या प्रवासाला आसन आणि अस्तर लागते, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या युरोपीय ग्राहकालाही उमगले होते. त्याच घराण्यातील आजच्या 'जीटी३' गाडीचीही 'टूरिंग' आवृत्ती निघते, ती याच कारणाने.

शर्यतीच्या मार्गावर जे गुण ठरतात तेच गावच्या रस्त्यावर खर्चाच्या बाजूला कसे जाऊन बसतात, हे एकेक करून पाहता येते. वळणावर गाडी स्थिर राहावी म्हणून तिचे पोट जमिनीलगत आणलेले असते आणि पुढचा ओठ खाली झुकविलेला असतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप ओलांडते. गावोगावी मात्र अपघात झाल्यानंतर रातोरात मुरूम-डांबर टाकून केलेले अरुंद आणि उंच उंचवटे दिसतात. त्यांच्यावर मानकातला उतार नसतो, म्हणून साधी मोटारही तेथे खालून घासते. शर्यतीच्या गाडीला पुढची बाजू बटणाने काही सेंटीमीटर वर उचलण्याची सोय पुष्कळदा असते, परंतु ती मंद गतीतच चालते आणि प्रत्येक उंचवट्यापूर्वी ती आठवावी लागते. चालकाचे लक्ष रस्त्यावरील माणसांकडून उंचवट्यांकडे वळते, हा त्यातला न दिसणारा तोटा होय.

दुसरी बाब टायरांची. अशा गाड्यांना पुष्कळदा जे टायर येतात, त्यांचे रबर मऊ आणि खाचा कमी असतात. कोरड्या, तापलेल्या मार्गावर त्यांची पकड विलक्षण असते. खाच कमी म्हणजे पाणी बाहेर फेकण्याची वाट कमी. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरच्या धुळीचा आणि तेलाचा साबण होतो, त्यावेळी किंवा उसाच्या वावरातून आलेल्या चिखलावर, हे टायर साध्या मोटारीच्या टायरांपेक्षा आधी दगा देतात. ब्रेकचेही तसेच आहे. शर्यतीसाठी दिलेले ब्रेक पॅड तापल्यावर घट्ट धरतात. थंड असताना त्यांची पकड कमी असते आणि गल्लीतल्या हळू चालीत ते किंचाळत राहतात.

इंजिनाचे गणित त्याहून सूक्ष्म आहे. 'जीटी३'चे चार लिटरचे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढते आणि सुमारे ५०० अश्वशक्ती देते. असे यंत्र योग्य तापमानाला पोहोचून काही काळ सलग चालावे, या कल्पनेनेच घडविलेले असते. घरून दुकान, दुकानातून बँक, बँकेतून बाजार समिती अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत तेल पुरते तापत नाही आणि त्यात शिरलेला ओलावा उडून जात नाही. उलट वैशाखात, बाजाराच्या दिवशी कोंडीत अडकल्यावर, समोरून वारा न मिळाल्यामुळे तेच इंजिन आणि त्याचा क्लच तापत राहतात. चारचौकटी महामार्गावर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. ही गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये ती मर्यादा ओलांडते. उरलेले गिअर कायद्याच्या कक्षेत जवळजवळ बेकारच राहतात.

शेवटी घरच्या माणसांचा विचार. या गाड्यांत मागची आसने पुष्कळदा नसतातच. पुढची आसने खोल वाटीसारखी, त्यांत उतरणे तरुणाला जमते. गुडघे दुखणाऱ्या आजीला दहिगावला किंवा कुंथलगिरीला दर्शनास न्यायचे झाले, तर दारात दुसरी गाडी उभी असावीच लागते. म्हणजे 'रोजची गाडी' म्हणून जी घ्यावी, तिला जोडीला खरी रोजची गाडी लागते, असा हिशेब निघतो.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वपरिचित उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या लाल फेरारीचे आहे. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने दिलेली 'फेरारी ३६० मोडेना' मायकेल शूमाकर यांच्या हस्ते त्यांना इंग्लंडमध्ये मिळाली. ही गाडी निव्वळ शर्यतीची नव्हती, रस्त्यासाठीच बनविलेली होती. ३.६ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती आणि ताशी २९५ किलोमीटरचा वेग, एवढे तिचे सामर्थ्य. सुमारे ७५ लाख रुपयांच्या या गाडीवरील १ कोटी १३ लाखांचे सीमाशुल्क सरकारने माफ केले, त्यावर देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेरीस ती रक्कम फियाट कंपनीने भरली. मुंबईच्या रस्त्यांवर लोकांनी ती गाडी कौतुकाने पाहिली. २०११ मध्ये ती सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. भेट म्हणून मिळालेल्या गाडीलाही मूळ किमतीच्या दीडपट कर चिकटतो, आणि तो कोणाला ना कोणाला चुकवावाच लागतो, ही नोंद व्यापाऱ्याने आपल्या वहीत करून ठेवावी अशी आहे.

या भागातल्या वाचकांना मोटारीचे दुसरे एक नाव फेरारीपेक्षा अधिक जवळचे वाटेल. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळरानावर वालचंदनगर वसविले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या वर्षी गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला आणि १९६४ पासून फियाट ११०० डी, नंतर प्रीमियर पद्मिनी या नावांनी एकाच घडणीची गाडी या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे होते. शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आत. तरीही हीच गाडी टॅक्सी झाली, डॉक्टरांची झाली, व्यापाऱ्याच्या दारात उभी राहिली. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा माणसे तिला निरोप देण्यासाठी हळहळली.

या कथेला एक उलटी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांची धावपट्टी म्हणून बांधलेल्या, मद्रासजवळच्या शोलावरम येथे १९५० च्या दशकापासून मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. त्या शर्यतींत रोजच्या वापरातल्या फियाट गाड्याच सुधारून, हलक्या करून उतरविल्या जात. घरची गाडी शर्यतीला नेणारी ती पिढी होती. शर्यतीची गाडी घरी आणणारी पिढी नंतर आली. पहिल्या प्रवासात गाडीला काय जमते हे चालक शिकतो आणि स्वतःची मर्यादा त्याला स्वस्तात कळते. दुसऱ्या प्रवासात गाडीची मर्यादा चालकाच्या मर्यादेच्या फार पुढे असते, त्यामुळे चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करण्याइतका अवधी हाती उरत नाही.

आता खतावणीची बाजू. अशी गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणजे कर वाचतो, असा समज बाजारात आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराचे जमाकर्ज, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. मोटारी विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा किंवा वाहनचालन शिकविणारा व्यावसायिक एवढेच त्याला अपवाद आहेत. आयकरात मोटारीवर साधारणतः १५ टक्के घसारा मिळतो, परंतु खासगी वापराच्या प्रमाणात तो कमी करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. दोन आसनांच्या गाडीतून खताची पोती किंवा कापडाची गाठ जात नाही, हे अधिकाऱ्यालाही दिसते. विम्याच्या कागदावर तर आणखी एक ओळ वाचण्याजोगी असते. नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत, वेगचाचणी अशा वापराला संरक्षण नसते. म्हणजे गाडी ज्या कामासाठी बनविली, त्याच कामात झालेले नुकसान मालकाने खिशातून भरायचे असते.

तथापि पैशाचा हिशेब हा या प्रश्नाचा शेवट नव्हे. मे २०२४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना या भागातील लोक विसरणार नाहीत. १९ मेच्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात गेले. ती गाडी शर्यतीची नव्हती, विजेवर चालणारी चार दारांची होती. परंतु प्रचंड वेग एका अपरिपक्व हातात सहज पोहोचतो, हे त्या रात्रीने दाखविले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ मेच्या सायंकाळी, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती.

दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे वाहन म्हणजे काय, हे अधिक स्पष्ट होते. धरण झाल्यावर नदीकाठची जुनी गावे पाण्याखाली गेली, समोरच्या तीरावरची माणसे एकमेकांना दिसत राहिली, पण रस्त्याने जाण्यास लांबचा वळसा पडू लागला. शिरसोडी-कुगाव दरम्यान पूल व्हावा, ही मागणी त्यातूनच उठली. तोवर बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी जाण्यासाठी बोट हेच त्यांचे रोजचे वाहन. तेथे वाहन गरजेला अपुरे पडले. कल्याणीनगरात ते गरजेच्या कितीतरी पट अधिक होते. दोन्ही ठिकाणी किंमत माणसांनीच मोजली, आणि पुण्यातल्या दोघांनी तर दुसऱ्याच्या गाडीची किंमत मोजली.

कायद्याने या बाबतीत पालकांकडे बोट दाखविले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. आपल्या नकळत हे घडले किंवा ते टाळण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच आहे. किल्ली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असणे ही काळजी नव्हे.

वयाने मोठ्या, परवानाधारक चालकासाठीही एक साधा हिशेब पुरेसा आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरावे. ताशी १०० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी २८ मीटर जाते आणि पुढे थांबायला साधारण ५० मीटर लागतात. म्हणजे एकूण ८० मीटरच्या आसपास. ताशी १५० च्या वेगात पहिल्या सेकंदातच ४२ मीटर सरतात. शर्यतीच्या दर्जाचे ब्रेक असले तरी थांबण्यासाठी आणखी ८० मीटर लागतात, म्हणजे बेरीज १२० च्या पुढे जाते. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश येऊ नये म्हणून खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात पन्नास-साठ मीटरपलीकडचे फारसे काही दिसत नाही. मागे लाल दिवा नसलेली, परावर्तक पट्टी उसाच्या पाचटाखाली झाकली गेलेली ट्रॉली रात्री अंधारात उभी असेल, तर जगातील उत्तमातील उत्तम ब्रेकही ती दिसेपर्यंत कामाला लागू शकत नाहीत. त्या ट्रॉलीवर झोपलेला तोडणी कामगार आणि गाडीतला मुलगा, दोघेही त्या अंतरावर अवलंबून असतात.

याचा अर्थ ही हौस पापमय आहे, असा कोणी काढू नये. यंत्राच्या उत्तम घडणीचा आनंद हा चित्र किंवा संगीताच्या आनंदासारखाच खरा आहे. ज्यांना परवडते आणि ज्यांच्या मनातून ती जात नाही, त्यांच्यासाठीही विवेकाची वाट आहे. शक्य तेथे 'टूरिंग' प्रकारची, मागची आसने आणि पुढची बाजू उचलण्याची सोय असलेली गाडी पाहावी. रस्त्यावर वापरताना खोल खाचांचे टायर आणि साधे ब्रेक पॅड बसवावेत, शर्यतीचे संच वेगळे ठेवावेत. इंजिन पुरते तापेपर्यंत फेऱ्या वाढवू नयेत आणि आठवड्यातून एकदा तरी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत राहून अर्धा-पाऊण तास सलग चालवावे. वेगाची तहान भागविण्यासाठी कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचे इरुंगाट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ही ठिकाणे आहेत. तेथे रुग्णवाहिका, मार्शल, संरक्षक पट्टे आणि प्रशिक्षक असतात. समोरून बैलगाडी येण्याची शक्यता नसते. वर्षातून दोनदा तेथे जाणाऱ्या चालकाला स्वतःची मर्यादा कळते, आणि असा चालक महामार्गावर बहुधा संथ चालवितो.

घरात मात्र दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात. किल्ली कोणाच्या ताब्यात राहील आणि सूर्यास्तानंतर ही गाडी बाहेर निघेल की नाही, हे खरेदीच्या दिवशीच सर्वांसमक्ष बोलून घ्यावे. पेढीची तिजोरी कोणाच्या हाती द्यायची, याचा निर्णय जुनी घरे वर्षानुवर्षे पारखून करीत. पाचशे अश्वशक्तीची किल्ली त्याहून हलकी समजण्याचे कारण नाही.

गळीत हंगामात सायंकाळी पळसदेवजवळ महामार्गाच्या कडेला उसाची एक बैलगाडी चढ चढत असते. जू खांद्यावर घेतलेले बैल फुसफुसतात, गाडीवानाची बायको मागे चालते, तिच्या कडेवर मूल असते. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज तिला ऐकू येतो आणि ती मुलाला घट्ट धरून डांबराच्या खाली उतरते. गाडी कोणत्या कंपनीची, किती कोटींची, तिला ठाऊक नसते. ती हळू झाली की नाही, एवढेच तिला कळते. घरी आजोबा दिवाबत्तीनंतर ओसरीवर बसलेले असतात आणि तेही त्याच एका गोष्टीची वाट पाहत असतात.